धाकटीची माफी

एडिनबरामध्ये मी राहते त्या जुन्या दगडी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं आहेत. एक माझं. समोरच्या घरात पेरू देशातल्या एक बाई राहायच्या. बारा वर्षं आमची दारं समोरासमोर होती, आणि त्यातली निम्मी वर्षं आमचं बोलणं जिन्यापुरतंच होतं. इथल्या इमारतींत जिना धुण्याची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची पाटी अडकवतात. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, पेशंटच्या नमुन्यांत कोणते जंतू वाढतात ते बघते. शिफ्ट संपवून घरी यावं आणि दाराला ती पाटी दिसावी, की मी आधी सोफ्यावर आडवी व्हायची. बादली घेऊन बाहेर आले तर बऱ्याचदा जिना आधीच ओला असायचा. बाईंनी धुतलेला असायचा. मी थँक यू म्हणायला बेल वाजवली की त्या दार अर्धंच उघडायच्या आणि म्हणायच्या, "मला जाग लवकर येते, त्यात काय."

नागपूरहून मी इथे आले तेव्हा तिशीत होते. आता पन्नाशी उलटून गेली. लग्न केलं नाही. सुरुवातीला इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीला, दिवाळीला नेमानं जात असे. सगळे जोडीनं येत, मुलांना घेऊन येत, आणि मी डब्यातून काहीतरी करून नेत असे. हळूहळू जाणं कमी झालं. कोणी काही बोललं नव्हतं. माझाच उत्साह संपला.

एका सोमवारी बाईंनी माझ्या दारात येऊन एक वाडगा हातात दिला. आत घट्टसर आमटीसारखं काहीतरी होतं, त्यात गहू, वाटाणे, पावटे. नाव विचारलं तर म्हणाल्या, शांबार. मला हसू आलं. आमच्याकडे सांबार असतं, मी सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला आत बोलावून बसवून घेतलं. त्यांच्या गावी हे फक्त सोमवारी करतात आणि त्यात डुक्कर घालतात, पण माझ्यासाठी त्यांनी ते वगळलं होतं. त्या दिवसापासून सोमवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागले.

त्यांचं गाव त्रुहियो. पेरूच्या उत्तरेला, समुद्राकाठी. तिथल्या एका साखर कारखान्यात स्कॉटलंडचा एक इंजिनियर आला होता, त्याच्याशी लग्न करून त्या पंचविसाव्या वर्षी इथे आल्या. मूलबाळ झालं नाही. नवरा जाऊनही वीस वर्षं होऊन गेली होती. तिकडे एक धाकटी बहीण होती, तिला त्या रविवारी फोन करत. इथले लोक त्यांना नेहमी डोंगरावरच्या त्या इंकांच्या प्रसिद्ध शहराबद्दल विचारत आणि बाई वैतागत. मला म्हणायच्या, "इंका आमच्याकडे आले ते अगदी शेवटी. त्यांच्या आधी आमच्याकडे दोन राज्यं होऊन गेली होती." लहानपणी त्यांच्या घरामागच्या शेतात नांगर फिरला की मातीच्या भांड्यांचे रंगीत तुकडे वर यायचे. दोघी बहिणी ते घेऊन घर-घर खेळायच्या. त्यांच्या अंगणातून दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं एक मातीचं देऊळ दिसायचं. तिथे त्याला उआका म्हणतात. लांबून टेकडीच वाटते, बाई सांगायच्या, पण ती सगळी माणसांनी हातांनी थापलेल्या विटांची आहे.

मग त्यांना विसर पडू लागला. पहिल्यांदा लक्षात आलं ते जिन्यावरूनच. पाळी कुणाचीही असो, त्या दिवसातून तीन-तीन वेळा जिना धूत. एकदा खालच्या मजल्यावरचा विद्यार्थी ओल्या पायरीवरून घसरला आणि तक्रार झाली. कौन्सिलची सोशल वर्कर आली. वर्षभरात बाईंना शहराच्या दुसऱ्या टोकाला एका केअर होममध्ये हलवलं. मी रविवारी दोन बस बदलून जाऊ लागले.

तिथे गेल्यावर सहाएक महिन्यांत त्यांची इंग्रजी गेली. एका रविवारी नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आताशा त्या काहीतरी अर्थहीन बडबडतात. मी खोलीत गेले तर बाई खिडकीशी बसून एक लांबलचक वाक्य बोलत होत्या. ते अर्थहीन नव्हतं. ते स्पॅनिश होतं. मी नर्सला सांगितल्यावर तिला बिचारीला फार वाईट वाटलं. होममधल्या लोकांनी दहा-बारा स्पॅनिश शब्द कागदावर छापून पलंगाशेजारी चिकटवले: पाणी, दुखतं, भूक, थंडी. पण या दहा शब्दांनी कोणाचं भागणार?

परतीच्या बसमध्ये माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. उद्या माझी इंग्रजी अशीच गेली तर मी मराठीत काय काय बोलेन, आणि पलंगाशेजारी उभं राहून ते ऐकणारं माणूस त्याला काय म्हणेल. त्या आठवड्यात मी स्पॅनिश शिकायला घेतलं. फोनवर एक ॲप घेतलं, लायब्ररीतून पुस्तक आणलं. पण खरी भाषा मला बाईंनीच शिकवली, त्यांच्या नकळत. कारण त्यांनी मला त्यांची धाकटी बहीण ठरवून टाकलं होतं. माझा सावळा रंग असेल, काळे केस असतील. त्या मला समोर बसवायच्या आणि कापऱ्या बोटांनी माझी वेणी घालायच्या. उन्हात जाऊ नकोस. कोंबड्यांना घातलंस का? खोटं बोलू नकोस, तोंडाला पीठ लागलंय. थोरली बहीण धाकटीला जे काही म्हणते ते सगळं मला स्पॅनिशमध्ये येऊ लागलं. बसचं तिकीट कसं मागायचं ते मात्र येत नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्या वेगळंच काही बोलू लागल्या. मी आत शिरले की माझा हात धरायच्या आणि म्हणायच्या, पेर्दोनामे. मला माफ कर. कशाबद्दल, ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्यांची आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि धाकटीनं एकटीनं केलं. थोरली स्कॉटलंडमधून गेलीच नाही, मातीलाही गेली नाही. "आले असते तर परत फिरले नसते," त्या म्हणायच्या. "म्हणून आले नाही. माफ कर." मी विषय बदलायची, पाणी द्यायची, खिडकीबाहेरचे सीगल दाखवायची. दहा मिनिटांनी परत तेच. प्रत्येक रविवारी तेच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि मी रुमाल पुढे करायची.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी म्हटलं, "केलं. मी तुला माफ केलं." खरं सांगायचं तर दया होतीच, पण कंटाळाही आला होता. बाहेर बर्फ पडत होतं, बसगाड्या बंद होतील अशी भीती होती आणि मला घरी जायचं होतं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझा हात सोडला, उशीवर डोकं टेकलं आणि झोपल्या. त्यानंतर त्यांनी तो शब्द पुन्हा कधीच काढला नाही.

एप्रिलमध्ये त्या गेल्या. मी तेव्हा लॅबमध्ये होते. आधीच्या दोन रविवारी मला जाणं जमलं नव्हतं. एका रविवारी एक्स्ट्रा शिफ्ट होती आणि दुसऱ्या रविवारी मी फक्त झोपून राहिले होते. क्रिमेटोरियमला आम्ही तिघं होतो: मी, केअर होममधली एक मुलगी आणि वकिलाच्या ऑफिसमधून आलेला एक गृहस्थ. बाईंच्या जुन्या डायरीतून नंबर घेऊन मीच त्रुहियोला फोन केला. पलीकडे धाकट्या बहिणीचा ठाम, कोरडा आवाज होता. मी शेजारीण आहे असं सांगितलं आणि बातमी दिली. मग त्यांनी विचारलं, शेवटी जवळ कोणी होतं का. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "खरं सांगितलंत, बरं केलंत." फोन ठेवताना म्हणाल्या की कधी इकडे आलात तर घर आहे.

असं लोक म्हणतातच. पण उन्हाळाभर माझे रविवार रिकामे होते. स्पॅनिश येत होतं आणि बोलायला एकही माणूस नव्हतं. सुट्टी साठली की मी नेहमी नागपूरला दादाकडे जाते. त्या वर्षी मी त्याला फोन करून सांगितलं की पेरूला जातेय. तो म्हणाला, "तिथे आपलं कोण आहे?" मी विमानांच्या वेळा सांगत बसले.

लिमाहून मी सकाळची बस घेतली. नऊ तास डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला वाळू. मध्येच एखादी नदी डोंगरातून खाली यायची आणि तेवढ्यापुरता हिरवा पट्टा दिसायचा: मका, ऊस, मग पुन्हा वाळू. आभाळ अगदी एडिनबरासारखं करडं होतं. मला वाटलं होतं, दक्षिण अमेरिका म्हणजे लख्ख ऊन. बाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं, की आपल्या गावचं आभाळही असंच असतं.

त्रुहियो रंगीत निघालं. चौकाभोवतीच्या जुन्या वाड्यांना पिवळा, निळा, गडद लाल रंग आणि खिडक्यांना लोखंडाच्या पांढऱ्या नक्षीदार जाळ्या. मी टॅक्सीवाल्याशी बोलले, हॉटेलातल्या मुलीशी बोलले, आणि दोघंही माझ्याकडे जरा चमकून बघू लागले. नंतर समजलं. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखंच स्पॅनिशमध्येही असतं. इंग्रजीत वीस वर्षं काढल्यावर मला त्याचा विसर पडला होता. बाईंनी मला फक्त 'तू' शिकवलं होतं. मी त्या शहरात दिसेल त्याला धाकट्या भावंडासारखी हाक मारत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धाकटीकडे गेले. त्यांचं घर शहराबाहेर मोचे गावाच्या शेतांमध्ये होतं. कच्च्या विटांच्या भिंती, अंगणात अव्होकाडोचं झाड, दोन-चार कोंबड्या, आणि मक्याच्या शेतापलीकडे ते मातीचं देऊळ. बाई म्हणायच्या तशी टेकडीच वाटत होती. धाकटी ऐंशीच्या घरात होत्या. लहान चण, ताठ पाठ, इस्त्री केलेला ब्लाउज. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेलं. लग्न त्यांनीही केलं नव्हतं. त्या मला 'तुम्ही' म्हणत होत्या, आणि मी तोंड उघडलं तर 'तू' गेलं. मी माफी मागू लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"बोला," त्या म्हणाल्या. "काहीही बोला. थांबू नका."

काय बोलणार? मी प्रवासाचं सांगितलं, बसचं सांगितलं, एडिनबराच्या जिन्याचं सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मधूनच एखादा शब्द आला की त्यांच्या ओठांची हालचाल व्हायची. हा शब्द आता इथे कोणी वापरत नाही, त्यांनी नंतर सांगितलं. हा आमच्या आईचा शब्द. आणि वाक्याच्या शेवटी आवाज असा वर नेण्याची सवय थोरलीची. तासभर मी बोलले. इतकं तर मी एडिनबरामध्ये महिन्याभरातही बोलत नसेन. निघताना त्यांनी मला मक्याच्या पानांत बांधलेलं काहीतरी गरम हातात दिलं आणि उद्याही या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळं बिघडवलं. जेवण झाल्यावर त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, शेवटच्या दिवसांत ती आईबद्दल काही बोलत होती का. मी खोटं बोलू शकले असते. पण यांनीच फोनवर मला खरं बोलल्याबद्दल शाबासकी दिली होती. मी सगळं सांगितलं. ती मला तिची धाकटी बहीण समजत होती, ती माफी मागत होती, आणि तुमच्या नावानं मी माफ करून टाकलं.

त्या बराच वेळ टेबलावरचे मक्याचे दाणे बोटानं गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती माफी तुमची नव्हती."

त्या उठल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि रस्त्यावरच्या रिक्षाला हात केला. मी आत बसेपर्यंत उभ्या राहिल्या, पण उद्या या म्हणाल्या नाहीत.

पुढचे चार दिवस मी एकटीच त्या शहरात फिरले. एकटेपणाची मला सवय आहे असं मी समजत होते. पण घरच्या एकटेपणाला भिंती असतात, किटली असते, लॅबची वेळ असते. परक्या शहरात तो कुठेच टेकत नाही. हॉटेलात, खानावळीत, तिकिटाच्या खिडकीवर, सगळीकडे पहिला प्रश्न एकच असायचा: सोला? एकट्याच? एडिनबराच्या रेस्टॉरंटमध्येही विचारतात, जस्ट युअरसेल्फ? तिथे मी हसून हो म्हणते. इथे मला त्या एका शब्दानं दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं, जणू कोणीतरी यायचं होतं आणि मी त्याला वाटेत हरवून बसले होते.

एका सकाळी मी चान चान बघायला गेले. इंकांच्या आधीच्या चिमू राजांची ती राजधानी, सगळी मातीची. मैलभर नुसत्या भिंती. काही धुपून वारुळासारख्या झालेल्या, काही पत्र्याच्या छपराखाली जपून ठेवलेल्या. आत गेलं की आवाज बंद होतो. फक्त वारा आणि लांबवर समुद्र. भिंतींवर माशांच्या रांगा कोरल्या आहेत. वरची रांग एकीकडे जाते, खालची दुसरीकडे. एका दालनाच्या भिंती तर जाळ्यासारख्या, चौकटी-चौकटींच्या. मी तिथे तास-दीड तास होते. एक राखणदार लांब टोकाला बसून डबा खात होता. एका कोपऱ्यात भिंतीच्या गिलाव्यात बोटांचे ठसे दिसले, म्हणजे मला तरी ते बोटांचे वाटले. मी माझी बोटं जवळ नेली आणि लावली नाहीत. लॅबची सवय.

तिथेच एका कट्ट्यावर बसून मला आईची आठवण आली. आई गेली तेव्हा विमानं बंद होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर सगळं बघितलं. दादानं मास्क लावून एकट्यानं सगळं केलं. त्यात माझी चूक नव्हती, असं सगळे म्हणाले. पण विमानं बंद होण्याच्या आधीच्या वर्षी आई आजारी होती, विमानं सुरू होती, आणि मी पुढच्या वर्षी येते म्हणाले होते. दादा त्याबद्दल कधी बोलला नाही. मीही त्याला कधी विचारलं नाही. बाईंना मी इतक्या पटकन माफ करून टाकलं त्यामागे बस आणि बर्फ एवढंच नसावं, हे मला त्या कट्ट्यावर पहिल्यांदा जाणवलं. जाणवून बरं वाटलं असं मात्र नाही.

तिकीट बदलून लवकर परत जावं, असं मी ठरवत आणलं होतं. सोमवारी सकाळी खाली आले तर हॉटेलच्या सोफ्यावर धाकटी बसल्या होत्या. मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. किती वेळ बसल्या होत्या देव जाणे. हॉटेलातली मुलगी म्हणाली, त्यांनी वर निरोप पाठवू दिला नाही.

"उआका बघितलंत?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग चला."

आम्ही टॅक्सी केली. त्यांच्या घरावरूनच रस्ता गेला. देवळाच्या दाराशी तिकडच्या बिनकेसांच्या जातीची दोन काळी कुत्री उन्हाची वाट बघत पडली होती. तिथे गाइडशिवाय आत सोडत नाहीत. आम्हाला जी गाइड मिळाली ती मध्यमवयीन बाई धाकटींच्या हाताखाली शिकलेली निघाली. ती त्यांना बाई, बाई म्हणत होती आणि त्यांच्या गुडघ्याकडे बघून सावकाश चालत होती. तिनं दाखवलं की हे देऊळ एक नाही, एकावर एक चढवलेली कितीतरी देवळं आहेत. काही पिढ्या गेल्या की लोक जुनं देऊळ, त्याच्या रंगवलेल्या भिंतींसकट, विटांनी भरून बंद करायचे आणि त्याच्यावर नवं बांधायचे. जिथे उकरलंय तिथे आतली भिंत दिसत होती. सुळेवाला एक चेहरा, वटारलेले डोळे, आणि लाल, पिवळा, काळा रंग परवा दिल्यासारखा ताजा. हे सगळं आपण शाळेत तीस वर्षं पोरांना सांगितलंय, धाकटी म्हणाल्या, आणि गाइडला पुढे जायला सांगितलं. आम्ही दोघी लाकडी बाकावर बसलो.

तिथे बसून त्यांनी मला जे सांगितलं ते बहुतेक कोणालाच सांगितलेलं नसावं. आईचं त्यांनी तीन वर्षं केलं. न्हाऊमाखू घातलं, भरवलं, शाळा सांभाळून रात्री जागल्या. आणि आई सारखी विचारायची, थोरली कधी येणार. रोज विचारायची. शेवटच्या आठवड्यात आईची नजर गेल्यासारखी झाली. एका सकाळी तिनं धाकटीच्या तोंडावरून हात फिरवला आणि थोरलीचं नाव घेऊन विचारलं, आलीस का गं?

"मी हो म्हटलं," धाकटी म्हणाल्या. "म्हटलं, आले. आत्ताच बोटीतून उतरले."

आई खूश झाली. दोन दिवस आई थोरलीशी बोलली. तिच्या नवऱ्याबद्दल, थंडीबद्दल, तिथे काय खातात त्याबद्दल विचारलं. धाकटीनं मनानं रचून रचून उत्तरं दिली. आईनं तिला आशीर्वाद दिला, थोरलीचं नाव घेऊन. धाकटी कुठे आहे ते आईनं एकदाही विचारलं नाही. मग ती गेली.

"तीन वर्षं मी केलं," त्या म्हणाल्या, "आणि शेवटी मी त्या घरात नव्हतेच."

गाइड लांब उभी राहून दुसऱ्या एका भिंतीकडे बघितल्यासारखं करत होती. मला येणाऱ्या स्पॅनिशमध्ये त्यासाठी शब्दच नव्हते. मराठीतही नसावेत.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "थोरली दर रविवारी फोन करायची. चाळीस वर्षं. एकदाही माफी मागितली नाही. मागितली असती तर मी दिली नसती, आणि ती तशीच गेली असती." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदा मला 'तू' म्हणाल्या. "तू दिलीस. मी ती परत घेणार नाही. एवढंच."

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला, आणि पायऱ्या उतरून होईपर्यंत सोडला नाही. खाली आल्यावर मात्र गाइडला, ती एका शब्दाचा उच्चार चुकीचा करते, असं बजावून सांगितलं.

उरलेले तीन दिवस मी मोचेला जात राहिले. आम्ही फार काही बोललो नाही. त्या शेंगा सोलायच्या, मी सोलू लागायची. एकदा त्यांनी चुलीपुढे बसलेल्या थोरलीचा एक छोटासा फोटो दाखवला आणि परत पेटीत ठेवून दिला. शेवटच्या दिवशी मी त्यांना विचारलं, तुम्ही एडिनबराला याल का, मी सगळी व्यवस्था करते. त्यांनी मान हलवली. तिकडे कोणाला भेटायला येऊ, त्या म्हणाल्या. मग बहुधा मला लागलं असेल असं वाटून त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थापटलं, शाळेतली बाई पोराला थापटते तसं.

परत आले तेव्हा एडिनबरामध्ये पानं गळून गेली होती. समोरचं घर विकलं गेलं होतं आणि एक तरुण जोडपं राहायला आलं होतं. दोघंही घरून काम करतात, कानात हेडफोन घालून जिन्यानं उतरतात आणि हसून हॅलो म्हणतात. लॅब तशीच होती. सहकाऱ्यांनी विचारलं, हॉलिडे कसा झाला. मी म्हटलं, लव्हली. एकीनं विचारलं, इंकांचं ते शहर बघितलंस का? मी म्हटलं, नाही, तिकडे नाही गेले.

आता रविवारी दुपारी चारच्या सुमारास मी मोचेला फोन करते. तिकडे सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतात. कधी पाच मिनिटांत संपतो. त्या माझ्या चुका दुरुस्त करतात, गुडघ्याचं सांगतात, पाऊस पडला तर मातीच्या भिंतींचं काय होईल याची काळजी करतात. मी इथल्या समुद्रावरून येणाऱ्या धुक्याचं सांगते. मग बोलायला काही उरत नाही आणि आम्ही दोघी नुसत्याच थांबतो. आमचं नातं काय, याला ना त्यांच्या भाषेत शब्द आहे ना माझ्या. माझे इतर सहा दिवस आहेत तसेच आहेत.

गेल्या रविवारी बोलता बोलता त्या अचानक म्हणाल्या, "थांब, दूध उतू जाईल," आणि फोन टेबलावर ठेवून गेल्या. मी थांबले. भांड्याचा आवाज आला, मग त्यांच्या चपलांचा, मग कोंबड्यांचा. कोणीतरी फाटकाशी येऊन काहीतरी विचारलं आणि त्यांनी आतूनच उत्तर दिलं. नळ सुरू झाला, बंद झाला. त्या मला विसरल्या होत्या बहुतेक. मी सोफ्यावर पाय वर घेतले, फोन कानाशी धरला आणि ऐकत राहिले.